उजवा स्पीकर

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात नव्वदीची एक कॅसेट पडून आहे. ए बाजूला पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, बी बाजूला बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’. पहिला ४३ मिनिटांचा, दुसरा ४० च्या आतबाहेर. नव्वदीला एका अंगाला ४५ मिनिटं मिळतात. त्यामुळे शिंप्यानं माप घेऊन शिवावेत तसे दोन्ही अल्बम तिच्यात बसले आहेत. कागदी पट्टीवर निळ्या बॉलपेननं नावं लिहिलीयत. ‘सार्जंट’मधलं एक इंग्रजी अक्षर चुकलंय आणि ते कुणी चुकवलं यावर आमचं अजून एकमत नाही.

ही कॅसेट वाजवायला आता घरात यंत्र नाही. असतं तरी वाजवली नसती. फीत दोन ठिकाणी चिकटपट्टीनं जोडलेली आहे आणि एका जागी तर टेपनं चावून तिची सुतळी केली होती. टाकवत मात्र नाही. पस्तीसहून जास्त वर्षं चाललेल्या एका भांडणाचं तेवढंच कागदपत्र माझ्याकडे उरलंय.

भांडण असं की जगातला सगळ्यात थोर रॉक अल्बम कोणता?

पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हाची, १९८७-८८ सालची गोष्ट. होस्टेलच्या खोलीत आम्ही दोघं. मी साताऱ्याचा, रूममेट मडगावचा. त्याचा थोरला भाऊ बोटीवर होता. बोटीवरचा माणूस सुट्टीवर येताना घरच्यांसाठी जे जे आणतो त्यात एलपी असत, आणि रूममेट दिवाळीला घरी गेला की त्यावरून चार-पाच कॅसेटी भरून आणायचा. तिसरा म्हणजे सदाशिव पेठेतला मित्र. त्याला चांगलं घर होतं, घरात आईच्या हातचं जेवण होतं, तरी तो रात्री दहापर्यंत आमच्या खोलीत पडलेला असायचा आणि मेसच्या भाजीला नावं ठेवत ठेवत ती संपवायचा.

पक्ष ठरलेले होते. मित्र ‘डार्क साइड’चा, मी ‘पेपर’चा, गोवेकर लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमचा. नियमही होते. अख्ख्या अल्बमबद्दल बोलायचं, एखादं गाणं काढून नाचवायचं नाही. निवडक गाण्यांचे संग्रह बाद. कार्यक्रमात मुद्रित केलेले बाद. आणि जो इंग्रजी मासिकातलं मत स्वतःचं म्हणून खपवताना सापडेल त्यानं अमृततुल्यमध्ये सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. या शेवटच्या नियमापायी मी बरेच पैसे घालवले.

गोवेकराची बाजू ऐकायला मजा यायची, कारण पुरावे द्यायची त्याला गरजच वाटत नसे. १९७१ च्या नोव्हेंबरात आलेल्या त्या अल्बमच्या कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. आत नुसती चार चिन्हं, एकेका वादकाचं एकेक. “नाव सांगायला लागत नाही तो मोठा,” एवढं बोलून तो उशीला टेकायचा. कव्हरवर पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला एक वाकलेला म्हातारा आहे. तो कोण, यावर जगभरच्या चाहत्यांनी पन्नास वर्षं काथ्याकूट केला. २०२३ मध्ये कळलं की मूळ फोटो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे आणि म्हातारा म्हणजे विल्टशर परगण्यात घरांची शाकारणी करणारा एक कारागीर. मी ती बातमी गोवेकराला पाठवली. “मग? काम करणारा माणूसच आहे ना?” असं उत्तर आलं.

त्याचा खरा मुद्दा ड्रमचा होता. शेवटच्या गाण्यासाठी हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुनाट घरात जिन्याच्या तळाशी ड्रम मांडले आणि माइक वरून, जिन्यावरून सोडले. ठोका खाली पडतो आणि जिनाभर चढून आपल्यापर्यंत येतो. हे पटवून द्यायला त्यानं एका रात्री होस्टेलच्या जिन्याखाली पत्र्याची बादली पालथी घातली, आम्हा दोघांना तिसऱ्या मजल्यावर उभं केलं आणि दोन लाकडी पट्ट्यांनी ती बडवली. आवाज खरंच भव्य आला. रेक्टरही आले.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच्या हाती हुकमाचं पान लागलं. झेपलिनचे पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि त्यांनी विजय राघव राव यांच्या मदतीनं इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्यानं मुद्रित केली होती. त्यातलं ‘फोर स्टिक्स’ चौथ्या अल्बममधलंच. ड्रमरनं एकेका हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवलेलं, म्हणून ते नाव. ते मुंबईचं मुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. त्याच मुक्कामात दोघं कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या नाइटक्लबात जाऊन वाजवून गेले. “तुमचे लोक आले होते का कुलाब्याला?” गोवेकरानं विचारलं. मी म्हटलं, माझा बीटल्सचा हॅरिसन आला होता, १९६६ ला रविशंकरांकडे सतार शिकायला आणि १९६८ च्या जानेवारीत एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रणाला. फ्लॉइडवाला गप्प बसला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्याला बाजूला काढलं, एवढाच काय तो आमचा संयुक्त विजय.

एरवी खरी लढाई माझी आणि त्याचीच.

त्याचं म्हणणं पद्धतशीर असायचं. मार्च १९७३ ला आलेला ‘डार्क साइड’ हा एकच अखंड तुकडा आहे. हृदयाच्या ठोक्यानं सुरू होतो, ठोक्यानंच संपतो, आणि मध्ये वेळ, पैसा, वेड, मरण यांतून माणसाला फिरवून आणतो. अल्बम बाहेर येण्याआधी वर्षभर त्यांनी तो कार्यक्रमांतून वाजवून घासून घेतला होता. मग तो आकडा काढायचा: अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे. “म्हणजे चौदा वर्षं,” तो बोटं दाखवून सांगायचा. “पोळपाटही घरोघरी असतो,” असं मी म्हणायचो. पोळपाटाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण बिनशब्दांचं ते बाईचं गाणं लागलं की तो हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला एका रविवारी बोलावलं, शब्द नाहीत म्हणून सांगितलं, आणि तिनं नुसत्या आवाजानं जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसाचे तिला ३० पौंड मिळाले. पुढं २००४ मध्ये ती कोर्टात गेली, तडजोड झाली आणि त्या रचनेवर तिचं नाव लागलं. मित्राला तिचं गाणं पुरेसं होतं. मला ते ३० पौंड आवडायचे, कारण ते माझ्या कामाचे होते.

माझी बाजू सांगायला अवघड होती. ‘पेपर’ची एक कथा नाही. एका काल्पनिक बँडची सोंगं घेऊन येतात, दोन गाण्यांत ती विसरतात, शेवटी आठवण झाल्यासारखी पुन्हा घेतात. त्यात सर्कस आहे, पळून गेलेली मुलगी आहे, पोरकट विनोद आहेत, आणि मधेच हॅरिसन लंडनमधल्या भारतीय वादकांना घेऊन दिलरुबा-तबल्यावर पाच मिनिटं बसतो. जे दोन तुकडे सगळ्यात चांगले जमले होते ते फेब्रुवारी १९६७ मध्ये वेगळ्या तबकडीवर काढून टाकले म्हणून अल्बममध्ये घेतलेच नाहीत. निर्माता जॉर्ज मार्टिनला त्याची पुढं आयुष्यभर हळहळ होती. बीटल्सच्याच आधीच्या वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ला वरचा मानणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि त्यांचं बरोबर असण्याचा मला दाट संशय आहे. मित्रासमोर मात्र हे कधी बोललो नाही.

कव्हरबद्दल तर मला बोलताच यायचं नाही, कारण आमच्याकडे कव्हर नव्हतं, कॅसेट होती. पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ यांनी मांडलेली ती माणसांची गर्दी मी पहिल्यांदा पाहिली ती एका मासिकात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्या गर्दीत योगानंद आणि त्यांची गुरुपरंपरा आहे. महात्मा गांधीही होते. पण भारतातला धंदा बिघडेल या धास्तीनं रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखानं त्यांना काढायला लावलं. हे कळलं तेव्हा मी नोकरीत होतो. भारतातला धंदा म्हणजे आम्हीच की! आम्ही तर कॅसेट भरून घेतली होती. आमच्यापायी गांधीजी गेले आणि आमच्याकडून कंपनीला एक पैसाही मिळाला नाही.

माझा सगळा भर होता तो शेवटच्या गाण्यावर. नियम मोडून. ‘अ डे इन द लाइफ’. चाळीस वादकांचा वाद्यवृंद खालच्या सुरापासून ज्याच्या त्याच्या चालीनं वर चढत जातो, ते नव्हे. अनेक पियानोंवर एकाच वेळी पाडलेला तो शेवटचा स्वरही नव्हे. मी सांगायचो ते लेननचा आवाज कसा येतो ते. सुरुवातीला तो जवळजवळ नसतोच. गिटार असते, आणि लांब कुठंतरी, दुसऱ्या गल्लीत कुणी बोलत असावं तसा नुसता भास. दुसऱ्या कडव्याला तो कोपऱ्यावर येतो. मग फाटकाशी. आणि मग एकदम आपल्यासमोर उभा. पेपरात वाचलेल्या बातम्या सांगणारा माणूस असा चालत चालत घरात येतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या पासंगालाही तुमच्या फ्लॉइडचे घड्याळांचे गजर पुरत नाहीत, असं मी टेबलावर मूठ आपटून म्हणायचो. मित्र म्हणायचा, “कुठं चालत येतो? तो तर पहिल्यापासून तिथंच असतो.” मी म्हणायचो, “तुला कान नाहीत.”

कॅसेट एकच होती. आठवडाभर माझ्याकडे, आठवडाभर त्याच्याकडे, अशी वाटणी. माझ्याकडे वडिलांनी साताऱ्यात कुणाकडून तरी घेतलेला जुना टू-इन-वन होता. घरी त्याच्यावर वर्षानुवर्षं अभंग आणि नाट्यगीतं वाजली होती. मित्राच्या घरी त्याच्या काकानं परदेशाहून आणलेला डेक, दोन सुट्या स्पीकरांचा. तिथं गेलं की त्याची बाजू लागायची, माझ्या खोलीत माझी.

त्याच्या घरातला एक रविवार मला लख्ख आठवतो. त्याचे वडील तबला शिकवायचे. वाड्याच्या पुढच्या खोलीत दोन पोरांना कायदा घोकायला लावून ते पाणी प्यायला आत आले, आणि नेमकं फ्लॉइडचं पैशाचं गाणं सुरू झालं. नाण्यांचा खळखळाट, गल्ल्याचा खटका, कागद फाटल्याचा आवाज, हे सगळं फितीच्या वेटोळ्यावर एका लयीत पुन्हा पुन्हा. काका तांब्या हातात घेऊनच उभे राहिले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला.

“सात आहेत,” ते म्हणाले.

“रूपक का हो काका?” मी हुशारी केली.

“सात मात्रा झाल्या की रूपक होतो होय रे? खाली कुठंय ह्याची? रूपक खालीवर उचलतात. हे आपले सरळ सात मोजतायत.” पण ते गेले नाहीत. सॅक्सोफोन सातात वाजला, तेव्हा मान हलली. मग गिटार आली आणि त्यांचा अंगठा अडखळला. “हे काय? चारावर आले की! दमले वाटतं.”

मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गिटारवाल्याला मोकळेपणानं वाजवता यावं म्हणून तिथं चार केलेत, असं तो समजावून सांगू लागला. “तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले. शेवटचं कडवं पुन्हा सातात आलं तेव्हा त्यांनी तांब्या खाली ठेवला. “आले. घरी आले. वाईट नाहीये हो, पण त्या मधल्याला माझ्याकडे पाठव सहा महिने.”

मी तेव्हा हसलो, पण एक गोष्ट मनात राहिली होती. त्या वेटोळ्यातले सातही आवाज मला काकांच्या घरी स्वच्छ ऐकू आले होते. माझ्या खोलीत त्यातले काही असून नसल्यासारखे असत. तिथं सात कधी मोजताच आले नव्हते. परदेशाहून आणलेला डेक भारी आहे, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

तिसऱ्या वर्षी माझा टू-इन-वन थांबला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नेला. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं, आतला पिठूळ झालेला रबरी पट्टा बदलला, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हेड पुसलं. मग बोटानं एक वायर उचलून दाखवली. “हा उजवा स्पीकर कधीपासून बंद आहे?”

मी म्हटलं, बंद कुठाय?

“अहो सुटलीय ही. गंज बघा टोकाला. वर्षं झाली असतील.” त्यानं तिथंच सोल्डर मारला. धुराची एक बारीक रेघ वर गेली. “एका कानानंच ऐकत होतात काय इतके दिवस?”

घरी कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. त्या जुन्या अभंगांचं, नाट्यगीतांचं मुद्रण बहुतेक मोनो. दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणार. त्यातला एक बंद पडला तर बाकीचं थोडं हळू ऐकू येतं, हरवत काहीच नाही. पण ‘पेपर’च्या स्टिरिओत माणसं आणि वाद्यं खोलीच्या दोन भिंतींना वाटून दिलेली आहेत. शेवटच्या गाण्यात लेननचा आवाज उजव्या टोकाला सुरू होतो आणि हळूहळू सरकत डावीकडे जातो. माझ्याकडे उजवं टोकच नव्हतं.

त्या रात्री खोलीत एकटा होतो. बी बाजू लावली, शेवटपर्यंत पुढं नेली. गिटार सुरू झाली आणि माझ्या उजव्या कानाशी, हातभर अंतरावर, लेनन पहिल्या शब्दापासून उभा. कुठल्या गल्लीतून आला नाही, फाटक वाजलं नाही. एखाद्या पाहुण्याची गच्चीवरून तासभर वाट पाहावी आणि तो मघापासून ओट्यावरच बसलेला निघावा, तसं झालं. बंद केलं आणि झोपलो. मित्राला सांगितलं नाही.

सांगितलं ते सात-आठ वर्षांनी, त्याच्या लग्नात. तो नवरदेवाच्या वेषात, मुंडावळ्या सावरत, हसून हसून खाली बसला.

न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन नावाच्या तरुण समीक्षकानं जून १९६७ मध्ये ‘पेपर’ची साल काढली होती. सगळं जग नाचत असताना या एकट्यानं लिहिलं की हा दिखाऊ माल आहे. वाचकांनी त्याला सळो की पळो केलं. बऱ्याच वर्षांनी त्यानं कबूल केलं की त्या वेळी त्याच्या स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता. हे वाचलं त्या दिवशी मला कोण आनंद झाला! एका स्पीकरवर ऐकून त्यानं नाक मुरडलं आणि एका स्पीकरवर ऐकून मी लोटांगण घातलं. त्याचा कुठला गेला होता, कुणास ठाऊक. डावा असावा, अशी माझी अटकळ आहे.

बरं, दोन स्पीकरांवर ऐकणाऱ्याला तरी खरा ‘पेपर’ मिळाला का? बीटल्स स्वतः हजर राहिले ते मोनो मिश्रणाला. त्या काळी घरोघरी मोनोच होता. स्टिरिओचं काम मार्टिन आणि मंडळींनी मागाहून थोडक्यात उरकलं, बीटल्सशिवाय. पळून गेलेल्या मुलीचं गाणं मोनोत किंचित वेगानं चालतं आणि वरच्या सुरात लागतं. म्हणजे लंडनच्या पोरानं मोनोवर ऐकलेला, बोटीवरच्या भावानं आणलेला स्टिरिओ, मडगावच्या सुईच्या खरखरीसकट कॅसेटवर उतरलेला, आणि माझ्याकडे पोचताना निम्मा झालेला, हे सगळे ‘पेपर’च. आम्ही तीन वर्षं एकाच अल्बमबद्दल भांडतोय अशा समजुतीत दोन अल्बमबद्दल भांडत होतो. आणि त्यातला माझा जगात फक्त साताऱ्याच्या त्या टू-इन-वनवर वाजत असे.

पण म्हणून ‘ज्याचं त्याचं थोर’ असं म्हणून हात झटकायला मी तयार नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांना संगीताबद्दल बोलायचं नसतं, जेवायला उठायचं असतं. दोन्ही कानांनी, चांगल्या यंत्रावर, कैक वेळा ऐकून माझं मत झालंय की अल्बम म्हणून ‘डार्क साइड’ सरस आहे. त्यात एक जागा ढिली नाही. हे मी मित्राला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यानं मला मॅकार्टनीवरून जे ऐकवलंय ते मी विसरलेलो नाही. फ्लॉइडच्या वॉटर्सनं चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या येणाऱ्याजाणाऱ्यांची उत्तरं मुद्रित केली, ती अल्बमभर पेरली. त्याच इमारतीत काम करत असलेल्या मॅकार्टनीलाही विचारलं. त्याचं उत्तर वापरण्याजोगं निघालं नाही. शेवटचं वाक्य घेतलं ते स्टुडिओच्या दरवानाचं. “दरवानाचं!” मित्र फोनवर ओरडला होता. मी लगेच सांगितलं की १९६७ च्या वसंतात ‘पेपर’ चालू असताना हेच तुझे फ्लॉइड शेजारच्या स्टुडिओत पहिला अल्बम करत होते आणि बीटल्सचं काम पाहायला त्यांना आत नेलं होतं. प्रेक्षक म्हणून.

याद्यांनी तेवढी गंमत दिली नाही. रोलिंग स्टोन मासिकाच्या २००३ च्या यादीत ‘पेपर’ पहिला आला, मी मित्राला पेढे पाठवले. ‘डार्क साइड’ होता ४३ वा. २०२० मध्ये त्यांनी नव्यानं मतं घेतली. मार्विन गे पहिला आणि ‘पेपर’ २४ वा. मित्राचा जर्मनीहून पहाटे फोन आला. “चोविसावा!” मी म्हटलं, खाली बघ, तुझा पंचावन्नावा. दोघंही जरा वेळ गप्प बसलो. गोवेकराचा त्याच्याही खाली होता, पण तो यादी वाचणाऱ्यातला नाही.

दोन्ही याद्यांत दुसऱ्या जागेवरून हलला नाही तो बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’. १९६६ च्या मे महिन्यातला. बीटल्सचा ‘रबर सोल’ ऐकून ब्रायन विल्सन ईर्ष्येला पेटला आणि त्यानं हा केला. हा ऐकून मॅकार्टनी पेटला आणि ‘पेपर’ झाला. आमच्या भांडणात त्याचं नाव कधी आलं नाही, कारण बोटीवरच्या भावानं तो आणला नव्हता. मी तो ऐकला चाळिशीला टेकताना. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडी घेतली होती. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. सीडीच्या पुस्तिकेत पाहिलं तर मूळ मुद्रण मोनो. एवढी वाद्यं, सायकलची घंटी, कुत्र्यांचं भुंकणं, एकावर एक रचलेले गळे, आणि सगळं एकाच बिंदूतून. कारण शोधलं. ब्रायन विल्सनला उजव्या कानानं जवळजवळ काही ऐकू येत नसे, लहानपणापासून.

तो २०२५ च्या जूनमध्ये गेला. त्या दिवशी मित्राचा फोन आला, गोवेकरालाही जोडून घेतलं. कुणी कुणाचा मुद्दा खोडला नाही, त्यामुळे बोलणं लवकर संपलं. नंतर मी ‘पेट साउंड्स’ काढायला कपाटाशी गेलो आणि हाताला ‘पेपर’ लागला, तोच लावला. शेवटच्या गाण्याला उठून उजव्या स्पीकरची वायर उपसली. घर रिकामं असतं तर बरं झालं असतं. पण मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणून आवाज बेतानंच ठेवला.

आला. लांबून, दुसऱ्या गल्लीतून. कोपऱ्यावर. फाटकाशी.

मग वाद्यवृंद चढला, पियानोंचा तो शेवटचा स्वर पडला, आणि विरायला लागला. तो जसजसा विरतो तसतसे त्यांनी माइक वाढवत नेले आहेत. अगदी शेवटी कुणाची तरी खुर्ची करकरते, ते कॅसेटवर कधी ऐकू आलं नव्हतं. मी त्या खुर्चीसाठी थांबलो. ती करकरली. मग शांतता. मी डोळे मिटून बसलो होतो.

“बाबा,” आतून मुलगी ओरडली, “ती शिट्टी बंद कर ना!”

“कसली शिट्टी?”

ती कानांवर हात ठेवून दारात आली. “ही काय. केवढी वाजतेय.”

तेव्हा आठवलं. त्या स्वरानंतर त्यांनी तबकडीच्या आतल्या कडेला १५ किलोहर्ट्झचा एक सूर घालून ठेवला होता, कुत्र्यांसाठी गंमत म्हणून. तरुण कानांनाही तो लागतो. मी स्पीकरजवळ गेलो, डावा कान लावला, मग उजवा.

“अजून चालू आहे?” मी विचारलं.